पेनड्राइव्ह का झिजतो?

पेनड्राइव्हमध्ये फिरणारा एकही भाग नसतो, त्यामुळे तो झिजत नाही असा समज आपल्याकडे पक्का आहे. प्रत्यक्षात तो दर वेळी लिहिताना थोडा थोडा झिजतो, आणि त्याचं मूळ या तंत्राच्या जन्मातच आहे.

1967 मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्समध्ये डॉवन कांग आणि सायमन झी यांनी फ्लोटिंग गेटची कल्पना मांडली. सगळीकडून विद्युतरोधक थराने वेढलेल्या कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडले, की वीज गेली तरी ते तिथेच राहतात. त्यावर तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी उभी केली. 1984 मध्ये त्यांनी ती जगापुढे मांडली आणि 1987 मध्ये तिचा नँड हा प्रकार आणला. आपल्या पेनड्राइव्हमध्ये असतो तो हाच.

नँडमध्ये इलेक्ट्रॉन त्या थरातून आत ढकलायला किंवा बाहेर ओढायला सुमारे 20 व्होल्टचा दाब द्यावा लागतो. थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. दर खेपेला त्याला थोडी इजा होते, काही इलेक्ट्रॉन थरातच अडकतात आणि शेवटी कप्पा भरलेला की रिकामा, हेच ओळखू येईनासं होतं. नुसतं वाचल्याने ही झीज जवळपास होत नाही. शिवाय नँडमध्ये लिहिणं छोट्या पानांत होतं, पुसायचा मात्र अनेक पानांचा मोठा ब्लॉक अख्खाच, म्हणून छोट्या बदलानेही झीज वाढते.

2000 साली सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा थंबड्राइव्ह आला. त्याच वर्षअखेरीस आयबीएमने इस्रायलच्या एम-सिस्टिम्सने बनवलेला 8 एमबीचा डिस्कऑनकी विकायला काढला. तेव्हा एका कप्प्यात एकच बिट, म्हणजे एक 0 किंवा 1, ठेवत, आणि असा कप्पा साधारण लाखभर वेळा पुसता येई. पुढे स्वस्ताईसाठी एका कप्प्यात दोन, तीन, चार बिट कोंबले गेले. मर्यादा काही हजारांवर आणि मग हजाराच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आली. माझ्या मते ग्राहकाला हे पाकिटावरच स्पष्ट सांगायला हवं होतं.

त्यात भर फाइल सिस्टिमची, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याचा हिशेब ठेवणाऱ्या पद्धतीची. त्यातली फॅट ही पद्धत 1970 च्या दशकात फ्लॉपीच्या काळात घडली. तिचा हिशेबाचा तक्ता ड्राइव्हच्या सुरुवातीलाच असतो आणि छोटी फाइल सेव्ह केली तरी तो पुन्हा लिहावा लागतो. हा मार एकाच जागी बसू नये म्हणून ड्राइव्हमधला कंट्रोलर, म्हणजे त्याचा कारभार पाहणारी चिप, लिखाण वेगवेगळ्या ब्लॉकवर फिरवतो. स्वस्त ड्राइव्हमध्ये हे काम बहुधा बेताचंच होतं.

म्हणून वर्डची फाइल थेट पेनड्राइव्हवर उघडून तासभर काम करणं वाईट. वर्ड तिथेच तात्पुरत्या फाइली बनवतो, पुसतो, पुन्हा लिहितो. फाइल कॉम्प्युटरवर घ्यावी आणि काम संपल्यावर एकदाच परत टाकावी. डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणं, हा हार्डडिस्कच्या जमान्यातला उपाय, इथे त्याने नुसती झीज वाढते. विंडोज 10 मध्ये 2018 पासून लिखाण लांबणीवर न टाकण्याची सेटिंग मुळातच चालू असते, तरी कॉपी चालू असताना ड्राइव्ह ओढू नये. ब्लॉकांच्या हिशेबाची नोंद अर्धवट राहिली, तर अख्खा ड्राइव्ह ओळखला जात नाही.

झिजलेल्या ब्लॉकांच्या जागी वापरायचे राखीव ब्लॉक संपले की काही कंट्रोलर लिखाण कायमचं बंद करतात आणि ‘राइट प्रोटेक्टेड’ असा संदेश येतो. लोक त्याला व्हायरस समजून फॉरमॅट करत बसतात, पण असं कुलूप फॉरमॅटने उघडत नाही. ड्राइव्ह वाचता येतोय तोवर आतल्या फाइली लगेच दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.