कर्पाल सिंग यांची निवडणूक कारकीर्द

कर्पाल सिंग (२८ जून १९४० – १७ एप्रिल २०१४) हे मलेशियातील नामांकित फौजदारी वकील आणि डेमोक्रॅटिक ॲक्शन पार्टी (डीएपी) या विरोधी पक्षाचे ज्येष्ठ नेते होते. १९७४ ते २०१३ या काळात ते केदाह आणि पेनांग या राज्यांतून निवडणुका लढले. एक मोठा पराभव सोडला, तर मतदारांनी त्यांना सहसा निराश केले नाही. त्यांच्या खासदारकीवर वारंवार टांगती तलवार राहिली ती न्यायालयांमुळे, आणि तीही बहुधा त्यांच्याच वक्तव्यांवरून.

त्यांचा जन्म पेनांगमधील जॉर्ज टाउन येथे, पंजाबातून स्थलांतरित झालेल्या शीख कुटुंबात झाला. सिंगापूर विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन १९६९ मध्ये त्यांनी वकिलीची सनद मिळवली. त्याच वर्षी मे महिन्यात, सार्वत्रिक निवडणुकीपाठोपाठ क्वालालंपूर येथे वांशिक दंगली उसळल्या आणि संसदेचे कामकाज १९७१ पर्यंत स्थगित राहिले. या पार्श्वभूमीवर १९७० मध्ये त्यांनी डीएपीत प्रवेश केला. मलय, चिनी आणि भारतीय वंशांच्या वेगवेगळ्या पक्षांची मोट बांधून सत्ताधारी आघाडी राज्य करत असताना, सर्व वंशांचा म्हणवणारा परंतु प्रत्यक्षात मुख्यतः शहरी चिनी मतांवर उभा असलेला हा पक्ष होता. शिखांची संख्या देशात इतकी थोडी की केवळ त्यांच्या बळावर कोणताही मतदारसंघ जिंकता येणे अशक्य होते. त्यामुळे कर्पाल सिंग यांनी संसदेत जाण्यासाठी मिळवलेली बहुतेक मते दुसऱ्या समाजाची होती, ही गोष्ट मलेशियाच्या वंशनिहाय राजकारणात लहान नव्हे.

वकिलीचा जम त्यांनी केदाह राज्याची राजधानी अलोर स्तार येथे बसवला आणि १९७४ मध्ये तेथूनच ते राज्य विधानसभेवर निवडून आले. १९७८ मध्ये ते जन्मगावी परतले आणि पेनांगमधील जेलुतोंग मतदारसंघातून संघीय संसदेत गेले. १९८२, १९८६, १९९० आणि १९९५ या चारही निवडणुकांत त्यांनी ही जागा राखली. ‘जेलुतोंगचा वाघ’ ही त्यांची ओळख याच काळातली. सत्ताधारी आघाडीतील मलेशियन इंडियन काँग्रेसचे नेते सामी वेलू यांच्याशी संसदेत खटका उडाला असता, तुम्ही सिंह असलात तर मी वाघ होतो, कारण मलेशियात सिंह सापडत नाहीत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगितले जाते. मतदारसंघ हातचा गेला तरी हे बिरूद शेवटपर्यंत टिकले.

ऑक्टोबर १९८७ मध्ये सरकारने ‘ऑपरेशन लालांग’ या मोहिमेत शंभरावर राजकारणी व कार्यकर्त्यांना अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध केले. त्यांत विद्यमान खासदार असलेले कर्पाल सिंगही होते. मार्च १९८८ मध्ये इपोह येथील उच्च न्यायालयाने बंदीप्रत्यक्षीकरणाच्या (हेबियस कॉर्पस) अर्जावर त्यांच्या सुटकेचा आदेश दिला, परंतु काही तासांतच त्यांना पुन्हा अटक झाली. अखेरची सुटका जानेवारी १९८९ मध्ये झाली आणि पुढच्या वर्षी जेलुतोंगच्या मतदारांनी त्यांना पुन्हा संसदेत पाठवले.

१९९९ ची निवडणूक त्यांच्या कारकिर्दीतील कळीची ठरते. पदच्युत उपपंतप्रधान अन्वर इब्राहिम यांच्या बचावपथकात ते होते आणि अन्वर यांच्यावर आर्सेनिकचा विषप्रयोग झाला असावा, असे त्यांनी त्या वर्षी न्यायालयात म्हटले होते. दुसरीकडे, अन्वर प्रकरणातून उसळलेल्या असंतोषाच्या लाटेवर डीएपीने इस्लामी पक्ष ‘पास’बरोबर आघाडी केली होती. इस्लामी राज्याच्या कल्पनेला कर्पाल सिंग यांचा कडवा विरोध होता, तरीही या युतीने बिथरलेल्या बिगरमुस्लिम मतदारांचा फटका त्यांना बसलाच. सत्ताधारी आघाडीतील गेराकान पक्षाचे ली काह चून यांनी जेलुतोंग जिंकले आणि पक्षनेते लिम किट सियांग हेही पेनांगमध्येच पराभूत झाले. ज्या धोरणाविरुद्ध एखादा नेता आयुष्यभर बोलत आला, त्याच धोरणाशी जवळीक केल्याची शिक्षा मतदारांनी त्याला द्यावी, असा हा निकाल होता. जानेवारी २००० मध्ये विषप्रयोगाच्या वक्तव्यावरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. आपल्या अशिलाच्या बचावात, भर न्यायालयात उच्चारलेल्या वाक्यांवरून वकिलावर खटला, हा प्रकार विलक्षणच म्हणावा लागेल. २००२ मध्ये तो मागे घेण्यात आला. डीएपीने २००१ मध्येच ‘पास’बरोबरच्या आघाडीतून अंग काढून घेतले होते.

२००४ मध्ये कर्पाल सिंग शेजारच्या बुकित गेलुगोर मतदारसंघातून उभे राहिले आणि अवघ्या २६१ मतांनी निवडून आले. त्याच वर्षी ते पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. जानेवारी २००५ मधील मोटार अपघातानंतर ते चाकांच्या खुर्चीवर आले, पण न्यायालय आणि संसद दोन्ही चालू राहिले. २००८ मध्ये त्यांचे मताधिक्य २१,०१५ वर आणि २०१३ मध्ये ४१,७७८ वर गेले. ही झेप केवळ त्यांच्या लोकप्रियतेची मानता येणार नाही. २००८ मध्ये पेनांगची सत्ताच डीएपीच्या हाती आली आणि शहरी चिनी मतदार सत्ताधारी आघाडीपासून मोठ्या प्रमाणावर दुरावला. तो बदल नसता, तर २००४ सारखी काठावरची लढत पुन्हा झाली असती, असे मानायला जागा आहे.

दरम्यान, फेब्रुवारी २००९ मध्ये पेराक राज्यातील सत्तापेचात तेथील सुलतानांच्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येते, असे विधान केल्याबद्दल त्यांच्यावर पुन्हा राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला. उच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्यांना निर्दोष ठरवले, परंतु अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते दोषी ठरले आणि मार्चमध्ये त्यांना ४,००० रिंगिट (मलेशियाचे चलन) दंड झाला. राज्यघटनेच्या ४८ व्या अनुच्छेदानुसार त्या वेळी २,००० रिंगिट वा त्याहून अधिक दंड झाल्यास खासदार अपात्र ठरत असे. अपील प्रलंबित असल्याने जागा तूर्त वाचली. पक्षाचे अध्यक्षपद मात्र त्यांनी सोडले.

१७ एप्रिल २०१४ च्या पहाटे पेनांगकडे जात असताना, पेराकमधील कांपारजवळ द्रुतगती मार्गावर त्यांची मोटार ट्रकवर आदळून त्यांचा मृत्यू झाला. मे महिन्यातील पोटनिवडणुकीत सत्ताधारी आघाडीने उमेदवारच दिला नाही, आणि त्यांचे पुत्र, वकील रामकर्पाल सिंग मोठ्या मताधिक्याने निवडून आले. अपिलाचे काम मृत्यूनंतरही चालले. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून दंड १,८०० रिंगिटवर, म्हणजे अपात्रतेच्या मर्यादेच्या खाली आणला, आणि मार्च २०१९ मध्ये संघीय न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली.