गोव्यात बारचा परवाना: आधी जागेचे कागद, मग अर्ज

दारूचे परवाने अबकारी खाते देते, कायदा 1964 चा. अर्ज तालुक्याच्या अबकारी कार्यालयामार्फत जातो. पण खरी कसोटी दारूची नसून जागेची असते, हे लोकांच्या उशिरा लक्षात येते.

माझ्या मावसभावाने डिचोलीजवळ भाड्याची खोली घेतली, टेबल-खुर्च्या आणल्या आणि मग कागद शोधायला बसला. घरपट्टीची पावती घरमालकाच्या वारलेल्या आजोबांच्या नावे, एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) सात नावे. तीन महिने सह्या गोळा करण्यातच गेले. म्हणून भाडेकरार करण्याआधी उतारा आणि घरपट्टी हातात घ्या, नावे दोन्हीकडे जुळतात का पाहा. आपल्याकडच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरतात. तेव्हा घरमालकाच्या ना हरकतीवर त्याच्या पत्नीचीही सही घेतलेली बरी.

दुसरी गोष्ट अंतराची. शाळा आणि देवस्थानापासून 100 मीटरच्या आत साधारणतः नवा परवाना मिळत नाही. निरीक्षक पाहणीला येणारच, त्याआधी टेप घेऊन स्वतः मोजा. जागा हमरस्त्यावर असेल तर आणखी चौकशी हवी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये महामार्गापासून 500 मीटरची अट घातली, मार्च 2017 मध्ये लहान गावांसाठी ती 220 मीटरवर आणली आणि पुढे पालिका क्षेत्राला मोकळीक दिली.

अर्जासोबत जागेचा नकाशा, मालकी किंवा भाड्याचा कागद, पंचायतीचा किंवा पालिकेचा ना हरकत दाखला, आरोग्य खात्याचा दाखला, ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा, फोटो लागतात. जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेचा परवाना वेगळा. यातला पंचायतीचा दाखला सर्वांत रेंगाळतो, कारण बैठकीत ठराव व्हावा लागतो. तो अर्ज पहिला टाका आणि पोच घ्या.

अर्जात प्रकार नीट लिहा. जागेवर बसून पिण्याचा परवाना एक, बाटलीबंद विक्रीचा दुसरा. विदेशी मद्य आणि देशी दारू असेही भाग आहेत. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, 2016 मध्ये ती ‘वारसा पेय’ ठरली, तरी परवान्याच्या हिशेबात ती देशीतच मोडते. फेणी ठेवणार असाल तर देशीचा उल्लेख विसरू नका.

लग्नाच्या हॉलमध्ये एका रात्रीपुरती दारू द्यायची असेल तर प्रासंगिक परवाना काढावा. उघड्यावरचे संगीत मात्र रात्री 10 ला बंद, बारचा परवाना असला तरी.

परवान्याचे वर्ष 31 मार्चला संपते, नूतनीकरण त्याआधी करावे. परवानाधारक वारला तर त्याच्याच नावे फी भरत राहू नका. वारसाने नावबदलाचा अर्ज करायचा असतो.