एका रजिस्टरची किंमत: खुले ग्राफिक्स ड्रायव्हर वेगवान कसे झाले?

ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एएमडी कंपनीने 2025 मध्ये लिनक्ससाठीचा आपला खुला, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो असा, व्हल्कन ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर), एएमडीव्हीएलके, बंद करत असल्याचे आणि यापुढे रॅडव्ही या ड्रायव्हरलाच पूर्ण पाठिंबा देणार असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे या बातमीची फारशी चर्चा झाली नाही; पण रॅडव्ही मुळात एएमडीने लिहिलेलाच नाही, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे महत्त्व कळते. 2016 मध्ये व्हल्कन हे ग्राफिक्सचे नवे मानक आले, तेव्हा आपला ड्रायव्हर पुढे खुला करू, असे एएमडीने सांगितले होते. तो कोड प्रत्यक्षात यायला 2017 चा डिसेंबर उजाडला. तोवर डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन यांनी स्वतःच रॅडव्ही लिहायला घेऊन तो चालता केला होता. कंपनीबाहेर सुरू झालेल्या या ड्रायव्हरसाठी शेवटी कंपनीने आपला ड्रायव्हर मागे घेतला.

कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत संगणक जुळवून घ्यायला गेले, की ‘लिनक्सवर ग्राफिक्स कार्ड घालून काय उपयोग, फुकटचा ड्रायव्हर कामचलाऊच असतो’ असे आजही हमखास ऐकायला मिळते आणि अभियांत्रिकीचे अनेक विद्यार्थीही तेच गृहीत धरतात. पंधरा वर्षांपूर्वी या समजात तथ्य होते. आज एएमडीच्या कार्डांबाबत तरी ते उरलेले नाही. हा बदल घडण्यामागचे मुख्य तांत्रिक कारण इतके सुंदर आहे, की ते सविस्तर सांगितलेच पाहिजे.

ग्राफिक्स ड्रायव्हर दोन भागांत विभागलेला असतो. एक भाग लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, राहतो. कार्डाची मेमरी वाटून देणे, घड्याळाचा वेग ठरवणे, पडद्यावर चित्र पाठवणे ही कामे तो करतो. एएमडीसाठीचा हा भाग, एएमडीजीपीयू, 2015 मध्ये कर्नेलच्या 4.2 आवृत्तीत दाखल झाला. दुसरा भाग मेसा या प्रकल्पात असतो. ब्रायन पॉल यांनी 1993 मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पातच रॅडव्ही राहतो. गेम किंवा त्रिमितीय आरेखनाचे सॉफ्टवेअर ज्या आज्ञा देते, त्या कार्डाला कळणाऱ्या यंत्रभाषेत आणणे हे या दुसऱ्या भागाचे काम आहे, आणि वेगाचा खरा निकाल बहुतेक वेळा येथेच लागतो.

पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला शेडर म्हणतात. 1920 गुणिले 1080 बिंदूंचा पडदा सेकंदाला 60 वेळा नव्याने रंगवायचा, तर शेडर सेकंदाला किमान 12 कोटींहून अधिक वेळा चालवावा लागतो. एवढा गुणाकार झाल्यावर शेडरमधल्या एका अनावश्यक आज्ञेचाही हिशेब मोठा होतो. शिवाय हे शेडर कार्डाच्या यंत्रभाषेत आधीपासून तयार नसतात. वापरणाऱ्याच्या संगणकावर त्याच्या कार्डासाठी ड्रायव्हरमधला कंपायलर, म्हणजे यंत्रभाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम, ते तयार करतो. म्हणजे आधुनिक ग्राफिक्स ड्रायव्हर हा बऱ्याच अंशी एक कंपायलरच असतो.

आता मुख्य मुद्दा. ग्राफिक्स कार्डाला मेमरीतून एखादी माहिती आणायला घड्याळाचे शेकडो ठोके लागतात. तेवढा वेळ गणन करणारा विभाग रिकामा बसू नये म्हणून कार्ड शेडरच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रतींचे, म्हणजे धाग्यांचे, अनेक गट हाताशी ठेवते आणि एक गट माहितीची वाट पाहत असताना दुसऱ्याचे काम पुढे नेते. शिवाजी उद्यमनगरातल्या फाउंड्रीचे उदाहरण घेऊ. ओतलेला साचा थंड होईपर्यंत जमिनीवर जागा अडवून बसतो. साचे लहान असतील, तर त्याच जागेत अधिक साचे मावतात आणि ओतकाम अखंड चालते. साचे मोठे झाले, की थोड्याच साच्यांनी जमीन भरते आणि भट्टी तयार असूनही थांबावे लागते. कार्डातली ही जमीन म्हणजे रजिस्टरे, म्हणजेच गणन चालू असताना आकडे धरून ठेवणाऱ्या अतिवेगवान जागा.

एएमडीच्या कार्डांच्या जीसीएन या रचनेत 64 धाग्यांचा एक गट बनतो आणि एका गणन-विभागात, ज्याला सिमड म्हणतात, गटातल्या प्रत्येक धाग्याच्या जागेला एकूण 256 सदिश रजिस्टरे (प्रत्येक धाग्याचे वेगळे मूल्य धरणारी) असतात; ती तिथल्या सर्व गटांत वाटली जातात. शेडरला 64 रजिस्टरे लागत असतील, तर 256 भागिले 64, म्हणजे चार गट एकाच वेळी मावतात. त्याच शेडरला 65 रजिस्टरे लागली, तर वाटप चारच्या पटीत होत असल्याने 68 द्यावी लागतात आणि तीनच गट मावतात. केवळ एका रजिस्टरपायी वाट पाहण्याचा वेळ भरून काढण्याची क्षमता एक चतुर्थांशाने घटते. कंपायलरने किती रजिस्टरे वापरली, हा ग्राफिक्समध्ये इतका कळीचा प्रश्न का असतो, ते यावरून दिसते.

रॅडव्ही सुरुवातीला यासाठी एलएलव्हीएम हा सर्वसाधारण कंपायलर वापरत असे. तो उत्तम कंपायलर आहे. पण त्याची जडणघडण प्रामुख्याने सीपीयूसाठी झाली, जिथे रजिस्टरे वाचवल्याने एकाच वेळी अधिक गट मावण्याचा प्रश्नच येत नाही. 2019 मध्ये गेमच्या क्षेत्रातल्या व्हॉल्व्ह कंपनीच्या पाठबळाने एसीओ हा खास ग्राफिक्ससाठी लिहिलेला कंपायलर पुढे आला, त्याच वर्षी मेसा 19.3 मध्ये दाखल झाला आणि 2020 च्या 20.2 आवृत्तीपासून रॅडव्हीत आपोआप वापरला जाणारा कंपायलर बनला.

एसीओच्या मुळाशी असलेली गणिती कल्पना मला विलक्षण वाटते. कोणती मूल्ये एकाच वेळी जिवंत आहेत, म्हणजे पुढे लागणार आहेत, याचा आलेख काढून, जोडलेल्या बिंदूंना वेगवेगळे रंग (एक रंग म्हणजे एक रजिस्टर) द्यायचे, असे रजिस्टर-वाटपाचे जुने स्वरूप आहे. सर्वसाधारण आलेखासाठी कमीत कमी रंग शोधणे अतिशय अवघड असते. परंतु प्रोग्रॅममधल्या प्रत्येक मूल्याला फक्त एकदाच जन्म मिळेल अशा रूपात तो मांडला, तर तयार होणारा आलेख जीवा-आलेख असतो, म्हणजे त्यातल्या चार किंवा अधिक बिंदूंच्या प्रत्येक वर्तुळाला आतून छेदणारी एक रेषा असतेच, आणि अशा आलेखाला लागणाऱ्या रंगांची संख्या ही कोणत्याही एका क्षणी जिवंत असलेल्या मूल्यांच्या कमाल संख्येइतकीच असते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की वाटप सुरू करण्यापूर्वीच किती रजिस्टरे लागणार हे एसीओला नेमके कळते. मेमरीतून माहिती लवकर मागवली, तर वाट पाहणे कमी होते; पण ती ठेवायला रजिस्टर जास्त वेळ अडकते. या ओढाताणीत आज्ञांचा क्रम कुठवर बदलावा, हे एसीओ अंदाजाने न ठरवता मोजून ठरवू शकतो. शिवाय दिव्याच्या स्थानासारखे जे मूल्य गटातल्या सर्व 64 धाग्यांसाठी सारखेच असते, ते ओळखून तो 64 प्रतींऐवजी सर्व गटासाठी सामाईक अशा एकाच अदिश रजिस्टरात ठेवतो.

त्यातच एसीओ शेडर लवकर तयार करतो, आणि प्रत्यक्ष खेळताना याचा फायदा सर्वांत आधी जाणवतो. सेकंदाला 60 चित्रे हवी असतील, तर एका चित्राला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. शेडर तयार होण्यात त्याहून जास्त वेळ गेला, की चित्र अडखळते. रे ट्रेसिंगमध्ये, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्याच्या पद्धतीत, मात्र रॅडव्ही बराच काळ मागे होता, हेही सांगितले पाहिजे.

येथे एका नव्या अंधश्रद्धेबद्दल बोलणे भाग आहे. ‘आरएडीव्ही_परफटेस्ट=एसीओ’ ही सूचना एकेकाळी एसीओ चालू करण्यासाठी द्यावी लागे. 20.2 आवृत्तीपासून तिची गरज संपली; तरीही ‘एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रे) वाढवणारा मंत्र’ म्हणून ती आजही एकमेकांना दिली जाते, आणि ती टाकल्यावर गेम वेगाने चालू लागल्याचे लोक मनापासून सांगतात. एकच दृश्य, एकच आवृत्ती, सूचनेसह आणि सूचनेविना, अशी अनेक मोजणी केल्याखेरीज वेग वाढल्याच्या कोणत्याही दाव्यावर विश्वास ठेवू नये.

ग्राफिक्स कार्डे बनवणारी दुसरी कंपनी एनव्हिडिया; तिची स्थिती वेगळी आहे आणि ‘खुला म्हणजे संथ’ हा समज मुख्यतः तिथूनच पसरला. कंपनीच्या मदतीविना, कार्ड कसे वागते ते तपासत केलेल्या उलट-अभियांत्रिकीने नूव्हो हा खुला ड्रायव्हर तयार झाला. पण 2014 मध्ये आलेल्या जीटीएक्स 900 मालिकेपासून कार्डाचा वेग बदलण्यासाठी कंपनीची डिजिटल सही असलेले फर्मवेअर, म्हणजे कार्डातच चालणारे सॉफ्टवेअर, बंधनकारक झाले. नूव्होकडे ते नसल्याने ही कार्डे सुरू होतानाच्या मंद वेगावरच अडकली. अशा स्थितीत कंपायलर कितीही चांगला असला, तरी उपयोग होत नाही. 2018 च्या ट्युरिंग पिढीपासून कार्डावर जीएसपी नावाचा स्वतंत्र प्रोसेसर आला आणि वेगाचे नियंत्रण त्याच्या फर्मवेअरकडून करून घेता येऊ लागले. मे 2022 मध्ये एनव्हिडियाने कर्नेलमधला भाग खुला केला, आणि त्यानंतर मेसामध्ये एनव्हीके हा नवा व्हल्कन ड्रायव्हर आकाराला आला.

म्हणून लिनक्ससाठी जुने कार्ड घेणाऱ्याने केवळ मेमरीचा आकडा पाहू नये. 2016 च्या जीटीएक्स 1060 मध्ये जीएसपी नाही. खुल्या ड्रायव्हरवर ते मंद वेगावरच राहते, आणि कंपनीच्या बंद ड्रायव्हरची 580 ही त्याला चालवणारी शेवटची मालिका आहे. याउलट 2012 च्या सुमारास बाजारात आलेल्या पहिल्या जीसीएन पिढीच्या एएमडी कार्डांसाठी कर्नेलमध्ये आणि मेसामध्ये अगदी अलीकडेपर्यंत सुधारणा होत आलेल्या आहेत.