वार्षिकी विक्रीतील ग्राहकसंरक्षण (नागपूर)

विमा कंपनीला एकरकमी किंवा हप्त्यांनी पैसे द्यायचे आणि बदल्यात आयुष्यभर ठरलेले उत्पन्न घ्यायचे, या कराराला वार्षिकी किंवा अ‍ॅन्युइटी म्हणतात. नागपुरात बोलताना मात्र तिला सरसकट ‘पेन्शन पॉलिसी’ म्हटले जाते आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. सरकारी पेन्शनीवर महागाई भत्ता वाढत जातो. वार्षिकीचा आकडा बहुतेक पर्यायांत पहिल्या महिन्याला ठरतो तोच शेवटपर्यंत राहतो. तिच्या विक्रीवर देखरेख भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाची म्हणजे आयआरडीएआयची. मूळ कायदा 1938 चा विमा कायदा असून, ग्राहकाच्या दृष्टीने रोजच्या उपयोगाचे नियम 2024 च्या पॉलिसीधारक हितसंरक्षण विनियमांत आहेत.

मुदत ठेव मोडता येते, सोने विकता येते, म्युच्युअल फंडातून बाहेर पडता येते. वार्षिकी सुरू झाल्यावर, विशेषतः ‘मुद्दल परत नाही’ या पर्यायात, माघारीचा रस्ता सहसा उरत नाही. त्यामुळे ग्राहकाला मिळणारे बहुतेक संरक्षण विक्रीच्या वेळी आणि त्यानंतरच्या पहिल्या महिन्यात एकवटलेले आहे.

वेकोलि (सरकारी कोळसा कंपनी), मॉइल (सरकारी मँगनीज कंपनी), रेल्वे, अंबाझरीची आयुध निर्माणी, एजी ऑफिस (महालेखापालांचे कार्यालय) आणि राज्य सरकारची असंख्य कार्यालये यांमुळे नागपुरात निवृत्तीची रक्कम हाती आलेले लोक सतत असतात आणि एजंटही त्यांच्या मागावर असतात. हिवाळी अधिवेशनावर जुन्या पेन्शनसाठी निघणाऱ्या मोर्च्यांचाही या विषयाशी थेट संबंध आहे. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्य सेवेत आलेले कर्मचारी जुन्या पेन्शनीबाहेर गेले आणि पुढे राष्ट्रीय पेन्शन योजनेत आले. या योजनेतल्या सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी नोकरीभर साठलेल्या जमेच्या किमान 40 टक्क्यांची वार्षिकी घ्यावीच लागते. जमा अगदी थोडी असेल तर सूट आहे. घेणे सक्तीचे असले तरी कंपनी आणि पर्याय निवडण्याचा हक्क त्याचाच असतो. ‘साहेब, सगळे इथलाच फॉर्म भरतात’ हे काही कारण नव्हे.

विक्रीत सर्वांत जास्त दिशाभूल होते ती ‘व्याज’ या शब्दाने. समजा, साठीच्या माणसाने 10 लाख रुपये भरले. मुद्दल परत नसलेल्या पर्यायात त्याला वर्षाला 85,000 रुपये देऊ केले आणि एजंट म्हणाला, ‘साडेआठ टक्के व्याज, तेही जन्मभर.’ प्रत्यक्षात पहिली पावणेबारा वर्षे त्याचेच 10 लाख त्याला परत मिळत असतात. चौथ्या वर्षाअखेर तो गेला तर 3,40,000 रुपये मिळालेले असतील, उरलेली रक्कम कंपनीची. मुद्दल वारसाला परत देणाऱ्या पर्यायात वार्षिक रक्कम कमी भरते, म्हणून तो पर्याय सांगताना विक्रेत्याचा आवाज जरा खाली येतो. शिवाय अशी स्वतः विकत घेतलेली वार्षिकी उत्पन्नाच्या टप्प्यानुसार करपात्र असते, ही गोष्ट माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर क्वचितच दिसते. हे आकडे उदाहरणापुरते. प्रत्यक्ष दर वय, पर्याय आणि कंपनी यांप्रमाणे बदलतो.

तुलना सोपी व्हावी म्हणून 1 एप्रिल 2021 पासून ‘सरल पेन्शन’ ही एकाच साच्याची योजना आली. तिच्यात दोनच पर्याय आहेत : एकट्याची वार्षिकी किंवा पती-पत्नीची संयुक्त. दोन्हींत मृत्यूनंतर खरेदी किंमत पूर्ण परत मिळते. सहा महिन्यांनंतर यादीतला गंभीर आजार उद्भवला तर पॉलिसी सोडून 95 टक्के रक्कम घेता येते. अटी सगळीकडे सारख्या, फरक फक्त दराचा. त्यामुळे दोन-तीन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवले की निर्णयाला फार वेळ लागत नाही.

पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवस ‘फ्री लुक’चे असतात. या मुदतीत कारण सांगून ती परत करता येते. स्टॅम्प ड्युटी आणि तोवर दिलेली पेन्शन वजा होऊन पैसे मिळतात. पैसे राष्ट्रीय पेन्शन योजनेतून आले असतील तर ते हातात न पडता जिथून आले तिथेच परत जातात. दिवस मोजायचे ते पॉलिसी मिळाल्यापासून, तिच्यावर छापलेल्या तारखेपासून नव्हे. म्हणून टपालाचे पाकीट फेकू नये आणि ईमेल पुसू नये.

ग्राहकाला सगळे नीट समजले का हे तपासायला कंपनीकडून पॉलिसीआधी वा नंतर येणारा ‘व्हेरिफिकेशन कॉल’ही संरक्षणासाठीच आहे. व्यवहारात त्याचे उलटेच होते. मानेवाड्याच्या एखाद्या घरात एजंट शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो, फोन स्पीकरवर असतो, प्रश्न भरभर विचारले जातात आणि काकांना आधीच बजावलेले असते : ‘सगळ्याला हो म्हणा.’ पुढे वाद झाला की तेच ‘हो’ ध्वनिमुद्रणातून कंपनीच्या बाजूने उभे राहते. प्रस्ताव अर्जाचेही तसेच. कोऱ्या फॉर्मवर सही करून दिली की आतला पर्याय कोणी भरला हे सिद्ध करणे महाकठीण. अर्जाची प्रत पॉलिसीसोबत यायला हवी. सोबतच्या ग्राहक माहितीपत्रकात पर्याय, रक्कम आणि तक्रारीचे पत्ते थोडक्यात असतात. निदान तेवढे तरी वाचावे.

लॉकर किंवा कर्जासाठी पॉलिसीची सक्ती करण्यास बँकेला मनाई आहे. ‘माझ्या कमिशनातले थोडे तुम्हाला’ ही ऑफर विमा कायद्याच्या कलम 41 खाली देणाऱ्यालाही महागात पडू शकते आणि घेणाऱ्यालाही. दंड 10 लाखांपर्यंत आहे. आयआरडीएआय स्वतः पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही. तिच्या नावाने तसा फोन आलाच तर तो फसवणुकीचा समजावा.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी करावी लागते. आयआरडीएआयचे ‘बिमा भरोसा’ पोर्टल आणि 155255 हा क्रमांक त्यासाठीच आहेत. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. नागपूरचा लोकपाल पुण्याला बसतो. अंतर ऐकून अनेकजण तिथेच थांबतात. पण तक्रार ऑनलाइन देता येते, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, फी नाही आणि वकील चालत नाही. कंपनीच्या उत्तरानंतर वर्षभरात तक्रार दाखल व्हावी लागते. भरपाईची मर्यादा 50 लाख असून निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नाही.

ज्यांना समोरासमोर बोलायचे आहे, त्यांच्यासाठी सिव्हिल लाइन्समधला जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत असले तरी. भरलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, ज्याचे खंडपीठ नागपुरातही बसते. 5 लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. आयोगात दावा लावण्याची मुदत दोन वर्षांची आहे. मात्र तोच वाद आयोगात चालू असेल तर लोकपाल तो हाती घेत नाही. त्यामुळे अनेकजण आधी पुण्याला अर्ज धाडतात आणि तिथले उत्तर आल्यावर सिव्हिल लाइन्सचे पाहतात. तोवर ही दोन वर्षे सरत तर नाहीत ना, याकडे लक्ष ठेवावे लागते.