बीपीचा प्रयोग ‘उंदरावर’ केला म्हणजे नक्की कुणावर, माऊसवर की रॅटवर?

‘उंदरांचं ब्लड प्रेशर उतरवण्यात यश’ अशी बातमी अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरते, आणि खाली लगेच सुरू, मग गोळी कधी येणार बाजारात. तो उंदीर माऊस होता की रॅट हे बातमीत बहुतेक वेळा नसतंच, आणि बीपीच्या रिसर्चमध्ये खरी मेख तिथेच आहे.

माऊस 25-30 ग्रॅमचा, रॅट सहज 300 ग्रॅमचा. पण रॅट म्हणजे मोठा झालेला माऊस नव्हे, दोघांचे पूर्वज कोटभर वर्षांपेक्षाही आधी वेगळे झालेत. माऊसचं हृदय मिनिटाला 500-600 वेळा धडधडतं, रॅटचं 300-400. गंमत म्हणजे प्रेशर मात्र दोघांचंही जवळपास आपल्यासारखंच असतं.

बीपीच्या कामातला जुना जाणता गडी म्हणजे रॅट. 1963 मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात ओकामोटो आणि आओकी या दोघांनी एक रॅट हेरला ज्याचं बीपी आपोआपच जास्त होतं, मग त्याच्या वंशात निवडून निवडून भावाबहिणींची जोडी लावत गेले आणि अशी जात तयार झाली की ज्यात काही न करता, फक्त वय वाढलं की प्रेशर 180-200 पर्यंत चढतं. ती एसएचआर (स्पॉन्टेनियसली हायपरटेन्सिव्ह रॅट), आजही जगभर वापरतात. साधारण त्याच काळात अमेरिकेत ब्रुकहेवनच्या लॅबमध्ये लुईस डाल यांनी रॅट्सना खूप मीठ घातलेलं खाणं दिलं, तर काहींचं बीपी भडकलं आणि काहींना ढिम्म फरक पडला नाही, मग दोन्ही टोळ्या वेगळ्या वाढवल्या. मीठ सगळ्यांना सारखं बाधत नाही हे एवढं स्वच्छ दाखवणारं काम दुसरं क्वचितच असेल.

म्हणजे रॅटमध्ये आजार आधी हातात आला, आणि कारण कुठल्या जीनमध्ये आहे ते लोक नंतर वर्षानुवर्षं शोधत बसले.

माऊसचं बरोब्बर उलटं. लॅबमधला नेहमीचा काळा माऊस, सी57 ब्लॅक 6, त्याला आपणहून बीपी होत नाही, ते करावं लागतं. पाठीवर कातडीखाली एक छोटा पंप बसवतात, त्यातून अँजिओटेन्सिन-2 हे रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं हार्मोन दोनचार आठवडे थेंबथेंब सोडतात, किंवा एक किडनी काढून डोका नावाचं हार्मोन आणि मिठाचं पाणी देतात. (निवडून वाढवलेले हाय-बीपी माईस आहेत, पण त्यांचं नाव फार कमी पेपरात दिसतं.)

मग एवढा खटाटोप कशासाठी, तर जीनसाठी. माऊसमध्ये एखादा जीन नेमका बंद करणं 1980 च्या दशकाच्या शेवटी जमलं, रॅटमध्ये ते नीट जमायला 2009 उजाडलं, तोवर वीसेक वर्षं माऊसने मैदान मारलेलं. ऑलिव्हर स्मिथीज, ज्यांना 2007 चं नोबेल विभागून मिळालं, त्यांच्या टीमने 1995 मध्ये अँजिओटेन्सिनोजेनच्या (ज्यापासून अँजिओटेन्सिन बनतं) जीनच्या प्रती कमीजास्त असलेले माईस बनवले, आणि दर प्रतीमागे बीपी साधारण 8 मिमीने (पाऱ्याच्या) चढत गेलं. माझ्या मते बीपीतला हा सगळ्यात देखणा प्रयोग, कारण जीन बंद करून प्राणी मारण्यापेक्षा किंचित कमीजास्त करणं हे माणसांच्या जास्त जवळचं आहे.

पण माऊसचेही नखरे आहेत. त्याच काळ्या माऊसमध्ये रेनिनचा (अँजिओटेन्सिन बनायला सुरुवात करून देणारं एन्झाइम) जीन एक असतो आणि 129 नावाच्या जातीत दोन, आता जुने नॉकआउट (म्हणजे जीन बंद केलेले माईस) 129 च्या पेशींमधून बनवून काळ्याशी क्रॉस केलेले, म्हणजे फरक नॉकआउटचा की जातीचा हे बघावंच लागतं. आणखी एक भारी उदाहरण. 2007 मध्ये दिसलं की रॅग1 नावाचा जीन बंद केल्यामुळे टी आणि बी या इम्युनिटीच्या पेशीच नसलेल्या माईसमध्ये अँजिओटेन्सिन देऊनही बीपी फारसं चढत नाही, टी पेशी परत दिल्या की चढतं. इम्युनिटीचा बीपीशी संबंध, खळबळच उडाली. नंतर 2017 मध्ये कळलं की लॅबना माईस पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीकडून येणाऱ्या त्याच माईसमध्ये हे संरक्षण आता राहिलेलंच नाही! पण मधल्या काळात डालच्या मिठाळू रॅटमध्ये तोच जीन बंद करून पाहिला होता, तिथेही बीपी कमीच चढलं होतं, त्यामुळे मूळ कल्पना टिकली.

मोजणं हा वेगळाच ताप. शेपटीला कफ लावायचा तर प्राण्याला नळीत कोंबून शेपटी गरम करावी लागते, तो घाबरतो आणि घाबरला की बीपी वाढणारच. माऊसची शेपटी तर आणखीनच बारीक. म्हणून भरवसा टेलिमेट्रीवर, म्हणजे धमनीत नळी आणि अंगात छोटा ट्रान्समीटर, रॅटमध्ये हे ऑपरेशन सोपं जातं. शिवाय दोघेही निशाचर, आपण दुपारी मोजतो ते त्यांचं झोपेतलं बीपी.

आता परत त्या व्हॉट्सॲपच्या बातमीतल्या औषधाकडे. समजा ते अँजिओटेन्सिनला अडवणारं आहे आणि माऊसला पंपाने अँजिओटेन्सिनच दिलेलं, तर बीपी उतरणारच, त्यात नवल काय. तेच एसएचआर रॅटमध्येही चालेल. डालच्या रॅटमध्ये मात्र रेनिन आधीच कमी असतं, तिथे अशा औषधांचा जोर फारसा चालत नाही, आणि बीपीच्या पेशंटमध्येही कमी रेनिनवाले भरपूर असतात.