सुपरनोव्हा (अतिनवतारा)

सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा शेवटचा स्फोट. मराठी पुस्तकांत याला अतिनवतारा म्हणतात, बोलताना मात्र बहुतेक जण सुपरनोव्हाच म्हणतात. एकटा तारा काही आठवडे अख्ख्या गॅलेक्सीच्या (म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाच्या) तोडीस तोड चमकतो आणि मग महिनोन्महिने हळूहळू विझत जातो. पण मोठ्या ताऱ्याच्या बाबतीत बघितलं तर हा जो उजेड आपल्याला दिसतो तो एकूण ऊर्जेच्या दहा हजारात एक भाग वगैरे असतो, साधारण ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो नावाचे कण घेऊन जातात आणि उरलेली बाहेर फेकल्या गेलेल्या वायूच्या वेगात जाते. त्यामुळे नुसता उजेड बघून हा प्रकार कळत नाही, आणि आज आपल्याला जे माहितीये त्यातलं बरंचसं या न दिसणाऱ्या भागाचा माग काढूनच हाती आलंय.

१०५४ साली चिनी निरीक्षकांनी वृषभ राशीत एक नवाच तारा दिसल्याची नोंद केली, तो २३ दिवस भरदिवसा दिसत होता आणि रात्री जवळपास दोन वर्षं. आज त्याच जागी, वृषभाच्या एका शिंगाच्या टोकापाशी, क्रॅब नेब्युला म्हणजे खेकडा तेजोमेघ दिसतो, अजूनही पसरतोय. १५७२ मध्ये शर्मिष्ठेत टायको ब्राहेने आणि १६०४ मध्ये भुजंगधारीत केप्लरने असे तारे नीट मोजून ठेवले. केप्लरच्या त्या ताऱ्यानंतर आपल्या आकाशगंगेतला एकही सुपरनोव्हा लोकांना साध्या डोळ्यांनी ठळकपणे दिसलेला नाही. टायकोच्या ताऱ्याची पुढची गोष्ट तर मला फारच आवडते. स्फोटाचा थोडा उजेड लांबच्या धुळीच्या ढगांवर आपटून वळसा घेऊन येत होता, तो २००८ मध्ये जपानच्या सुबारू दुर्बिणीने पकडला, म्हणजे टायकोच्या वेळी स्पेक्ट्रम (उजेड रंगांत फोडून मिळणारा पट्टा) घ्यायची सोय नव्हती तरी सव्वाचारशे वर्षांनी त्याच स्फोटाचा स्पेक्ट्रम मिळाला आणि तो कुठल्या जातीचा होता तेही कळलं!

तारे फुटतात कशामुळे

मुख्य कारणं दोन. पहिलं मोठ्या ताऱ्यांचं, म्हणजे सूर्याच्या ८ पट किंवा त्याहून जास्त वस्तुमान असलेल्या. हे तारे हायड्रोजनचा हेलियम करतात, मग कार्बन, निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन असं करत करत गाभ्यात लोखंड साठतं. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा लवकर उरकतो, हायड्रोजन लाखो वर्षं पुरतो आणि सिलिकॉन काही दिवसांतच संपतं. लोखंडाच्या पुढे फ्यूजन केलं, म्हणजे अणुकेंद्रं एकत्र जोडली, तर ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते, त्यामुळे गाभ्याला आतून आधार राहत नाही आणि साधारण पृथ्वीएवढा तो गाभा सेकंदाच्या आत काही डझन किलोमीटरवर कोसळतो. मधोमध न्यूट्रॉनचा घट्ट गोळा तयार होतो, वरून पडणारा माल त्यावर आपटून उलटा फिरतो आणि शॉक वेव्ह बाहेर निघते. ही वेव्ह वाटेतच अडकते, आणि न्यूट्रिनोंची थोडीशी उष्णता तिला पुन्हा ढकलते असं आज मानलं जातं. सुपरकॉम्प्युटरवर याची मॉडेल्स चालवतात, तरी सगळे धागे अजून जुळलेले नाहीत.

दुसरं कारण श्वेतबटू, म्हणजे लहान ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा. तो जोडीदार ताऱ्याकडून वायू ओढून घेतो किंवा दुसऱ्या श्वेतबटूत मिसळतो आणि मग आतला कार्बन एकदम पेटून अख्खा तारा उडतो, मागे बहुधा काहीच उरत नाही. याला टाईप वन-ए म्हणतात. यातला कळीचा आकडा म्हणजे चंद्रशेखर मर्यादा, सूर्याच्या सुमारे १.४ पट, त्यापेक्षा जड श्वेतबटू स्वतःचं वजन पेलू शकत नाही. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० मध्ये मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले तेव्हा १९ वर्षांचे होते आणि या हिशोबाची सुरुवात त्यांनी त्या प्रवासातच केली. १९३५ मध्ये एडिंग्टनसारख्या बड्या शास्त्रज्ञाने भर सभेत तो खोडून काढायचा प्रयत्न केला, पण हिशोब बरोबर होता आणि १९८३ मध्ये चंद्रशेखरांना नोबेल मिळालं.

स्फोट झाल्यावरही इतके दिवस उजेड का टिकतो याचं उत्तर निकेल-५६ मध्ये आहे. स्फोटात हा किरणोत्सारी निकेल बनतो, साधारण ६ दिवसांच्या अर्धायुष्याने (म्हणजे तेवढ्या वेळात निम्मा उरतो) त्याचा कोबाल्ट होतो आणि ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्टचं लोखंड. सुपरनोव्हा रोज किती मंद होतो याचा आलेख काढला की पुढचा उतार बराचसा याच वेगाने जातो. आपल्या रक्तातल्या लोखंडाचा बराच भाग अशाच स्फोटांतून आलाय. ताऱ्यांत मूलद्रव्यं कशी तयार होतात याची सविस्तर मांडणी १९५७ मध्ये बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉईल या चौघांनी केली, त्यातले हॉईल म्हणजे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू.

टाईप वन-ए ची खरी तेजस्विता जवळपास ठरलेली असते, आणि जो जास्त तेजस्वी तो हळू विझतो, त्यामुळे उरलेला फरकही दुरुस्त करता येतो. रात्री हायवेवर समोरच्या गाडीचे दिवे किती मंद दिसतात त्यावरून ती किती लांब आहे याचा अंदाज येतो ना, तसंच इथे अंतर काढतात. १९९८ मध्ये दोन टीमनी असे लांबचे सुपरनोव्हा मोजले तर ते अपेक्षेपेक्षा मंद निघाले, म्हणजे जास्त लांब, म्हणजे विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होतंय. पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना २०११ चं नोबेल यासाठीच मिळालं.

१९८७ए

एकच सुपरनोव्हा नीट समजून घ्यायचा असेल तर हा घ्यावा. २४ फेब्रुवारी १९८७ च्या पहाटे चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेत इयन शेल्टन मोठ्या मॅगेलॅनिक ढगाची (ही आपल्या शेजारची छोटी गॅलेक्सी) फोटोप्लेट घेत होता, प्लेट धुतल्यावर त्यावर एक ठळक ठिपका दिसला जो आधी तिथे नव्हताच, म्हणून तो बाहेर जाऊन साध्या डोळ्यांनी बघतो तर तारा खरंच होता. तिथलाच ऑपरेटर ऑस्कर दुआल्दे याने त्याच रात्री आधीच तो डोळ्यांनी पाहिला होता. अंतर सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं. महाराष्ट्रातून तो ढग क्षितिजाला इतका चिकटून राहतो की दिसतच नाही म्हटलं तरी चालेल.

खरी मोठी गोष्ट मात्र आदल्या दिवशीच घडून गेली होती. जपानमधल्या खाणीतली कामिओकांडे, अमेरिकेतली आयएमबी आणि रशियातली बक्सान या जमिनीखालच्या उपकरणांत काही सेकंदांच्या आत मिळून जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो नोंदले गेले, आणि तेही उजेड दिसायच्या दोन-तीन तास आधी. कारण न्यूट्रिनो कोसळत्या गाभ्यातून लगेच सुटतात पण शॉक वेव्हला ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत यायला तास लागतात. कामिओकांडे तर मुळात प्रोटॉन तुटतो का हे बघायला बांधलेली पाण्याची टाकी होती! त्या मूठभर कणांनी गाभा कोसळण्याचं मूळ गणित खरं ठरवलं, आणि मासातोशी कोशिबा यांना २००२ चं नोबेल मिळालं.

जुन्या नोंदी काढल्यावर फुटलेला तारा ओळखूही आला, सँड्युलिक -६९ २०२. तो निळा महातारा निघाला तेव्हा सगळेच चक्रावले, कारण लाल महातारेच फुटतात असं धरलेलं होतं. पुढे कोबाल्ट-५६ चे गॅमा किरण उपग्रहाने थेट पकडले. ताऱ्याने सुमारे २० हजार वर्षांपूर्वी सोडलेल्या वायूच्या कड्यावर १९९० च्या दशकात शॉक वेव्ह पोचली आणि हबलच्या फोटोंत ते कडं एकेक ठिपक्याने पेटताना वर्षानुवर्षं दिसत राहिलं. मधला न्यूट्रॉन तारा काही सापडत नव्हता, शेवटी २०२४ मध्ये वेब दुर्बिणीला केंद्रापाशी आयनित (इलेक्ट्रॉन निघून गेलेल्या) आर्गॉन वायूच्या स्पेक्ट्रममधल्या रेषा दिसल्या, म्हणजे तिथे काहीतरी जोरदार किरण फेकणारं बसलंय. तारा स्वतः अजून थेट दिसलेला नाही.

शोधतात कसे

आता बहुतेक काम यंत्रं करतात. कॅलिफोर्नियातल्या पालोमारवरचा झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी हा कॅमेरा आकाशाचे फोटो परत परत काढतो, नव्यातून जुना फोटो वजा केला की नवीन ठिपका उरतो. मग दुसरी दुर्बीण त्याचा स्पेक्ट्रम घेते, हायड्रोजनच्या रेषा दिसल्या तर टाईप टू, नाही तर टाईप वन. तरी हौशी लोकांचं महत्त्व संपलेलं नाही, १९ मे २०२३ ला एम-१०१ गॅलेक्सीतला २०२३आयएक्सएफ हा सुपरनोव्हा जपानच्या कोइची इतागाकी यांनी शोधला. अशा घटनांचा पाठपुरावा भारतातून लडाखच्या हानलेतून होतो, तिथे २ मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे आणि आयआयटी मुंबई व भारतीय ताराभौतिकी संस्थेची ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटरच्या ३० डिश, सुमारे २५ किलोमीटरवर पसरलेल्या. सुपरनोव्हाचा माल ताऱ्याने मरायच्या आधी सोडलेल्या वायूवर आदळतो तेव्हा रेडिओ लहरी निघतात, कमी फ्रिक्वेन्सीवर त्या उशिरा जोर धरतात, म्हणून इथे महिने नाही तर वर्षं लक्ष ठेवावं लागतं. या लहरींच्या चढउतारावरून ताऱ्याने शेवटच्या काळात किती वायू कधी फेकला हे उलट्या दिशेने वाचता येतं, जे दृश्य प्रकाशातून इतकं सरळ कळत नाही.

आपल्या आकाशगंगेत शंभर वर्षांत एक-दोन सुपरनोव्हा होत असावेत असा अंदाज आहे, बरेचसे धुळीआड लपतात. मृगातला लाल काक्षी (बीटलग्यूज) हा तारा २०१९-२० च्या हिवाळ्यात मंद झाला तेव्हा तो फुटणार अशी चर्चा झाली, ते धुळीमुळे होतं, त्याला अजून हजारो वर्षं लागतील. पण पुढच्या स्फोटाची तयारी झालेली आहे. जगभरातली न्यूट्रिनो उपकरणं स्न्यूज नावाच्या नेटवर्कने जोडली आहेत, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी न्यूट्रिनोंचा लोंढा दिसला की उजेड पोचायच्या आतच वेधशाळांना इशारा जाईल, आणि हौशी निरीक्षकांनाही त्या इशाऱ्यासाठी ईमेल नोंदवता येतो.