सर्वश्रेष्ठ कोण, हे कशाशी ताडून पाहायचे?

१४ ऑगस्ट १९४८ रोजी डॉन ब्रॅडमन ओव्हलवर फलंदाजीला उतरले, तेव्हा कसोटी क्रिकेटमधून शंभरच्या सरासरीने निवृत्त होण्यासाठी त्यांना अवघ्या चार धावा हव्या होत्या. एरिक हॉलिस यांच्या दुसऱ्याच चेंडूवर ते शून्यावर त्रिफळाचीत झाले. ६,९९६ धावा, ७० वेळा बाद, सरासरी ९९.९४. इतर थोर फलंदाजांची सरासरी साठीच्या आसपासच थांबते, त्यामुळे येथे वादाला जागाच नाही असे वाटते.

मात्र या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत: खेळाडूची उंची आणि भोवतालच्या जमिनीची पातळी, म्हणजे त्या काळातील इतरांचा दर्जा. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी बेसबॉलच्या आधारे हा भेद फार सुंदर उलगडला. अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये पूर्ण हंगामात ०.४०० ची सरासरी (म्हणजे दर दहा प्रयत्नांत चार यशस्वी फटके) ओलांडणारे शेवटचे फलंदाज म्हणजे १९४१ मधील टेड विल्यम्स (०.४०६). पुढे तसे कोणी झाले नाही, म्हणून फलंदाजीचा दर्जा घसरला असे मानले जाई. गूल्ड यांनी सर्वच खेळाडूंचे आकडे तपासले, तेव्हा मध्य ०.२६० च्या आसपास टिकून असल्याचे आणि आक्रसला होता तो केवळ आकड्यांचा फैलाव, असे दिसले. सगळेच खेळाडू मानवी क्षमतेच्या कमाल मर्यादेकडे सरकले की अव्वल आणि सामान्य यांच्यातील अंतर घटते. म्हणजे खेळ सुधारल्यामुळेच अचाट आकडे दुर्मीळ होतात.

मग ब्रॅडमन यांचे मोठेपण केवळ काळाची कृपा होती का? मला तसे वाटत नाही. त्यांच्याच काळातील वॉली हॅमंड यांची सरासरी ५८.४५ आणि जॉर्ज हेडली यांची ६०.८३, म्हणजे आजच्या दिग्गजांइतकीच होती. जमीन सखल असती तर तेही बरेच उंच दिसले असते.

अर्थात, समकालीनांपेक्षा कोण किती पुढे होता आणि समोरासमोर कोण जिंकेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बुद्धिबळात कार्लसनचे २०१४ मधील २८८२ मानांकन गुण फिशरच्या १९७२ मधील २७८५ पेक्षा जास्त असले, तरी हे मानांकन आपापल्या काळातील प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या निकालांतूनच घडते.

टेनिसमध्ये तर संधीच समान नव्हती. रॉड लेव्हर यांनी १९६२ मध्ये चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या आणि ते व्यावसायिक झाले; या स्पर्धा तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या, त्यामुळे १९६८ पर्यंत त्यांना या स्पर्धांची दारे बंद राहिली. परतल्यावर १९६९ मध्ये त्यांनी पुन्हा चारही जिंकल्या. मधल्या पाच वर्षांचा अंदाज बांधायचा की तेथे शून्य धरायचे, हे ठरवल्याशिवाय लेव्हर यांची ११ एकेरी विजेतेपदे जोकोविचच्या २४ शेजारी मांडता येत नाहीत.